चारमिनार गेला, सिंह आले

मित्रांनो, जळकोटहून (जि. लातूर) सातवीतल्या एका दोस्ताचं पत्र आलंय. सोबत कागदाखाली नाणं ठेवून, वर पेन्सिल घासून काढलेला ठसा! तो लिहितो, ‘नाणं पणजीच्या गाठोड्यात सापडलं. त्यावर १३६२ साल आहे. म्हणजे साडेसहाशे वर्षांचं का? आजी म्हणते, मोडून जोडवी करू.’

अरे, आजीला थांबव आधी!

ठसा बघा. मधोमध चारमिनार, त्याच्या कमानीत एक वळणदार अक्षर. तो ‘ऐन’, शेवटचा निजाम उस्मान अलीखान याच्या नावातलं पहिलं अक्षर. साल हिजरी आहे. १३६२ म्हणजे आपलं १९४३. हा ‘हाली’ रुपया. इंग्रजांचा तो ‘कलदार’. सहा कलदारांना साधारण सात हाली पडत. संस्थानाबाहेर बाजाराला जाणाऱ्याने त्रैराशिक पाठच करावं!

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण जळकोट होतं हैदराबाद संस्थानात. निजाम भारतात यायला तयार नव्हता. रझाकारांच्या जुलमाने लोक गावं सोडून पळाले. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा आत शिरल्या आणि १७ तारखेला निजाम शरण आला. तोवर तेरा महिने उलटले होते.

नाणी मात्र एका दिवसात बदलत नाहीत, बरं का. स्वतंत्र भारताच्या रुपयावरसुद्धा १९५० पर्यंत इंग्लंडचा राजाच होता! १५ ऑगस्ट १९५० ला नवी नाणी आली. एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंह, रुपयाच्या दुसऱ्या बाजूला गव्हाच्या ओंब्या. मग काही वर्षं आपल्याकडे चारमिनार आणि सिंह एकाच चंचीत नांदले.

पुढे १९७२ मध्ये स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाला चांदीचं दहा रुपयांचं नाणं निघालं, २०२२ मध्ये अमृतमहोत्सवाची नाणी आली. ती आठवणीसाठी मुद्दाम पाडलेली. पणजीच्या रुपयाने मात्र तो बदल गाठोड्यातून पाहिलाय.

आणि आजीला सांग, लढाईच्या काळातला हा रुपया मोडू नकोस. चिंचेने घासूही नकोस. पणजीने तो कशाच्या कमाईतून ठेवला होता, तेवढं आजीला विचार आणि वहीत लिहून ठेव.

दुसऱ्या बाजूचाही ठसा पाठव. पेन्सिल जरा मऊ घे, कडा फिक्या उठल्यात.