एक सैनिक, एक मत

नाशिक जिल्ह्याचे सैनिकी जीवनाशी असलेले नाते जुने आणि घट्ट आहे. देवळालीचे तोफखाना विद्यालय, नाशिकरोडचे तोफखाना केंद्र, ओझरचा हवाई दलाचा तळ आणि धर्मवीर डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ मध्ये उभे केलेले भोसला सैनिकी विद्यालय ही त्या नात्याची ठळक चिन्हे. नाशिकरोडच्या केंद्रात शपथ घेतलेला गनर निवृत्तीनंतर याच परिसरात घर बांधून राहतो, मग तो मूळचा सिन्नरचा असो वा केरळचा, हे येथील नित्याचे दृश्य आहे. अशा जिल्ह्यात माजी सैनिकांच्या लहान-मोठ्या संघटना असाव्यात, यात नवल नाही. जनरल करिअप्पा १९५३ मध्ये ज्या दिवशी सेनेतून निवृत्त झाले, त्या १४ जानेवारीला माजी सैनिक दिन साजरा होतो. छातीवर पदके लावलेले वयोवृद्ध योद्धे व्यासपीठावर बसतात, त्यांना हार घातले जातात, छायाचित्रे निघतात आणि समाजाची कृतज्ञता तेवढ्यावर संपते. या संघटनांचा कारभार वर्षभर कसा चालतो, त्यांचे पदाधिकारी कोण निवडतो, जमाखर्च कोण पाहतो, याची विचारपूस करणे कुणाला प्रशस्त वाटत नाही. ज्याने प्राण पणाला लावले त्याला हिशेब काय विचारायचा, ही त्यामागची भावना. भावना उदात्त आहे. तिचे परिणाम मात्र चांगले होत नाहीत.

एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. राज्यघटनेच्या १९व्या कलमाने प्रत्येक नागरिकाला संघटना स्थापन करण्याचे स्वातंत्र्य दिले. पण ३३व्या कलमान्वये सैनिकांच्या मूलभूत अधिकारांवर मर्यादा घालण्याची मुभा संसदेला आहे आणि १९५० च्या सेना अधिनियमाने तशी मर्यादा घातलेली आहे. ती योग्यच आहे. ज्या पलटणीत कामगार संघ निघतील, ती पलटण लढणार नाही. परंतु याचा अर्थ असा की, अठराव्या-विसाव्या वर्षी भरती झालेला जवान चाळिशीच्या आसपास गणवेश उतरवतो, तेव्हा संघटना करण्याचा अधिकार त्याला आयुष्यात प्रथमच मिळतो. सहकारी सोसायटीत, शिक्षक संघटनेत किंवा गावच्या दूध संस्थेत वाढलेल्या माणसाला सभा, ठराव, सूचक, अनुमोदक हे सारे अंगवळणी पडलेले असते. सैनिकाच्या अंगवळणी पडलेली असते ती आज्ञा.

म्हणून माजी सैनिकांच्या संघटनेत पहिली अडचण उभी राहते ती हुद्द्याची. सभा भरते. कर्नलसाहेब अध्यक्षस्थानी असतात, सुभेदारसाहेब कार्यवृत्त वाचतात, कुणीतरी जुन्याच कार्यकारिणीचे नाव सुचवतो आणि हवालदारसाहेब, नाईक, शिपाई असे सारे हात वर करतात. निवडणूक बिनविरोध झाली, असे वृत्त दुसऱ्या दिवशी छापून येते. एकमताने कारभार चालणे हे आपल्याकडे भूषण मानले जाते आणि ते खरोखर एकमत असेल तर तसे मानायला हरकत नाही. पण ज्या सभागृहात हात खाली ठेवण्याचे धैर्य कुणाला नव्हते, तेथे वर गेलेल्या हातांना मत म्हणता येत नाही. वर्षानुवर्षे ज्याला सॅल्यूट केला, त्याच्याविरुद्ध उघड हात वर करणे निवृत्त नाईकाला जड जाणारच. गुप्त मतदानाची पेटी नेमकी याच संकोचासाठी असते. तिच्यामुळे आदरही राखला जातो आणि मतही.

येथे आणखी एक गल्लत होते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय ही शासकीय यंत्रणा आहे. तिच्यावर राज्याचा सैनिक कल्याण विभाग आणि दिल्लीचे केंद्रीय सैनिक मंडळ आहे. तेथील अधिकारी नेमलेला असतो आणि तो शासनाला उत्तरदायी असतो. संघटना ही सभासदांची असते. तिचा अध्यक्ष नेमलेला नसतो, निवडलेला असतो आणि तो सभासदांना उत्तरदायी असतो. प्रत्यक्षात मात्र संघटनेचे पदाधिकारी स्वतःला अधिकारी समजू लागतात आणि सभासद त्यांच्याकडे अर्जदाराच्या नम्रतेने जातात.

या साऱ्यात नुकसान कोणाचे होते? ते अध्यक्षाचे होत नाही आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्याचेही होत नाही. ते होते पेठ किंवा सुरगाण्याच्या बाजूला राहणाऱ्या एखाद्या शिपायाच्या विधवेचे. निवृत्तिवेतनाचा कारभार २०२१ पासून टप्प्याटप्प्याने 'स्पर्श' या संगणकीय प्रणालीवर गेला. हयातीची नोंद दरवर्षी तेथे करावी लागते; नावातील एका अक्षराचा फरक, जन्मतारखेची चूक अशा कारणांनी अडचणी येतात. २००३ मध्ये सुरू झालेल्या माजी सैनिक आरोग्य योजनेचे कार्ड काढायचे, रुग्णालयाची शिफारस मिळवायची, २०२० मध्ये राज्य शासनाने माजी सैनिक व सैनिकांच्या विधवा यांच्यासाठी आणलेल्या घरपट्टी माफीसाठी दाखला घेऊन ग्रामपंचायतीत जायचे, ही कामे त्या बाईने एकटीने करायची का? संघटना असते ती यासाठी. दोन माणसे, एक संगणक आणि आठवड्यातून दोन दिवस उघडे असणारे कार्यालय एवढ्यावर हे सारे होते. पण ज्या संघटनेत दोन गट एकमेकांविरुद्ध अर्ज करण्यात गुंतले आहेत, तिच्या कार्यालयाला बहुधा कुलूप असते.

भांडण मतपेटीपाशी सुरू होते असा समज आहे. ते प्रत्यक्षात सुरू होते सभासद यादीपाशी. वर्गणीची पावती कोणाला मिळाली, कोणाचे सभासदत्व थकबाकीमुळे गेले, आजीव सभासदांपैकी किती हयात आहेत, हे ज्याच्या हातात नोंदवही आहे त्यालाच ठाऊक असते. निवडणुकीच्या तोंडावर एका गटाचे नवे सभासद दाखल होतात आणि दुसऱ्या गटाचे अर्ज प्रलंबित राहतात. त्यातही सर्वांत दुर्लक्षित प्रश्न विधवांचा. सैनिक गेला की त्याचे नाव यादीतून कापले जाते. त्याच्या पत्नीचे नाव तेथे आपोआप येत नाही. तिचा सत्कार होतो, शाल-श्रीफळ मिळते, पण मत मिळत नाही. वीरपत्नींच्या नावाने चालणाऱ्या संघटनेच्या मतदार यादीत त्यांना स्थान नसावे, यासारखी विसंगती दुसरी नाही. आता त्यात नवा प्रश्न येऊन मिळाला आहे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या अग्निपथ योजनेतून चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या तरुणांना मूळ अटींनुसार ना निवृत्तिवेतन आहे, ना माजी सैनिकाचा दर्जा. त्यांना संघटनेत घ्यायचे की नाही? शासन काय ते ठरवील; संघटनेच्या घटनेत मात्र याचे उत्तर सभासदांनीच लिहायचे आहे, आणि तेही निवडणुकीच्या आदल्या महिन्यात नव्हे.

कायद्याची वाट उपलब्ध आहे, पण ती लांब आहे. अशा संस्था बहुधा १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेल्या असतात. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाकडे बदल अर्ज, ज्याला सारे 'चेंज रिपोर्ट' म्हणतात, तो द्यावा लागतो. त्यावर हरकत आली की चौकशी, पुरावे, तारखा. दोन गटांनी दोन सभा घेऊन दोन कार्यकारिणी निवडल्या की दोन बदल अर्ज दाखल होतात. तोवर बँक विचारते, सही कोणाची ग्राह्य धरायची? खाते थांबते, सभागृहाचे भाडे अडते, वीजबिल थकते. पुढची निवडणूक येते तरी मागचीचा निकाल लागलेला नसतो. सत्तरी ओलांडलेल्या माणसांनी आयुष्यातील अखेरची वर्षे अशा तारखांमध्ये घालवावीत, हे पाहवत नाही.

नाशिकला संस्थांच्या निवडणुका अपरिचित नाहीत. १८४० मध्ये स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय आणि १९१४ मध्ये स्थापन झालेला मराठा विद्या प्रसारक समाज या दोन्ही संस्थांत २०२२ मध्ये निवडणुका झाल्या. पॅनेल झाली, प्रचारपत्रके निघाली, मविप्रमध्ये तर सत्तांतर झाले. या निवडणुकांतील खर्च, कटुता, जातीपातीची गणिते यांवर टीका करायला जागा आहे आणि ती होतही असते. पण सभासद तेथे कारभाऱ्यांना बदलू शकतो, हे सिद्ध झाले. हा विश्वास माजी सैनिकांच्या संघटनेतील शेवटच्या सभासदाला आहे काय?

हुद्दा आणि मत यांचा मेळ घालणे अशक्य आहे असेही नाही. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये माजी सैनिकांच्या चार संघटना परस्परांशी भांडत होत्या. त्यांत अधिकाऱ्यांची वेगळी आणि जवानांची वेगळी असाही भेद होता. १५ मे १९२१ रोजी त्या एकत्र आल्या आणि ब्रिटिश लीजन जन्मली. मानाचे अध्यक्षपद फील्ड मार्शल हेग यांच्याकडे गेले. प्रत्यक्ष कारभाराचे प्रमुखपद मात्र टॉम लिस्टर यांच्याकडे आले. ते सैन्यात होते लान्स बॉम्बार्डियर, म्हणजे तोफखान्यातील अगदी खालच्या पायरीवर. इंग्रजांसारख्या वर्गभेद जपणाऱ्या समाजात हे घडले. अमेरिकन लीजनचा राष्ट्रीय प्रमुख तर केवळ एका वर्षासाठी निवडला जातो. गोऱ्यांचे सारेच अनुकरणीय नसते. हे मात्र आहे.

आपल्याकडेही उदाहरणाचा तोटा नाही. भारताचे पहिले भारतीय सरसेनापती करिअप्पा १९७१ मध्ये ईशान्य मुंबईतून लोकसभेसाठी अपक्ष उभे राहिले, शिवसेनेचा त्यांना पाठिंबा होता, आणि ते पराभूत झाले. ज्याच्या एका आज्ञेवर पलटणी हलल्या, त्याने गिरणी कामगाराच्या आणि भाजीवाल्याच्या मताला सामोरे जाण्यात कमीपणा मानला नाही. माजी सैनिकांची इंडियन एक्स-सर्व्हिसेस लीग १९६४ मध्ये उभी राहिली, तीतही त्यांचा मोठा वाटा होता.

अलीकडचा अनुभव याच्या उलट बाजूचा आहे. 'एक हुद्दा, एक निवृत्तिवेतन' या मागणीसाठी २०१५ मध्ये जंतरमंतरवर सारे हुद्दे एकत्र बसले, तेव्हा नोव्हेंबर महिन्यात शासनादेश निघाला. त्यानंतरच्या सुधारणेवेळी, २०२३ मध्ये, जवान आणि कनिष्ठ अधिकारी आपल्यावर अन्याय झाल्याचे सांगत त्याच जंतरमंतरवर वेगळे बसले. त्यांच्या मागणीचा न्याय-अन्याय हा स्वतंत्र विषय आहे. पण नेतृत्व आपले म्हणणे मांडत नाही असे खालच्या हुद्द्यांना वाटू लागले की ते वेगळी चूल मांडतात, आणि हे दिल्लीत जसे घडते तसे देवळालीतही घडू शकते.

खरे तर सैनिकाकडे या बाबतीत शिकवण्यासारखे पुष्कळ आहे. सेनेत सैनिक संमेलनात शिपायाला उभे राहून गाऱ्हाणे मांडता येते. तेथे पलटणीच्या निधीची तपासणी ठरल्या वेळी होतेच. आणि एका अधिकाऱ्याने दुसऱ्याकडे काम सोपवायचे तर भांडाराची यादी घेऊन एकेक वस्तू मोजून, कमी-जास्त लिहून, दोघांच्या सह्या होतात. त्याला 'चार्ज देणे' म्हणतात आणि चार्ज न देता निघून जाणारा अधिकारी सेनेत कल्पनेतही नसतो. तीच माणसे संघटनेत आल्यावर मावळता सचिव दप्तर घरी ठेवतो, जुनी पावतीपुस्तके सापडत नाहीत आणि नवा कोषाध्यक्ष रिकाम्या कपाटापुढे उभा राहतो, हे अनाकलनीय आहे.

तेव्हा नवे काही शोधण्याची गरज नाही. मतदार यादी निवडणुकीच्या पुरेशी आधी कार्यालयाच्या फलकावर लागावी आणि तीत विधवांची नावे असावीत. निवडणूक अधिकारी संघटनेबाहेरचा, गावातील एखादा निवृत्त मुख्याध्यापक किंवा वकील असावा. लागोपाठ दोन कार्यकाळांनंतर त्याच पदावर पुन्हा उभे राहता येऊ नये. कर्नलसाहेबांनी मार्गदर्शक म्हणून अवश्य राहावे. आणि निकाल लागला की त्याच आठवड्यात मावळत्या आणि नव्या सचिवांनी कार्यालयात समोरासमोर बसावे. सभासद नोंदवही, कार्यवृत्ताची वही, पावतीपुस्तके, बँकेचे पासबुक, सभागृहाच्या किल्ल्या, इतकेच नव्हे तर खुर्च्यासुद्धा मोजाव्यात, यादी करावी, खाली दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि तिची एक प्रत बदल अर्जासोबत धर्मादाय कार्यालयात जावी.