विश्लेषण : ताटाशेजारी मोबाइल… मुलांचा हट्ट त्यानेच वाढतो?

लोकल, मग अंधेरी-घाटकोपर मेट्रो, मग रिक्षा. पालक घरी पोहोचेपर्यंत रात्रीचे आठ वाजतात. स्वयंपाक उरकेपर्यंत तीन वर्षांच्या मुलाने शांत बसावे म्हणून त्याच्या हाती मोबाइल दिला जातो. भरवतानाही तोच समोर. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत अनेक घरांतील हे चित्र. पण रडणे थांबवणारा हा उपायच हट्ट वाढवतो का?

संशोधन काय सांगते?
अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या ४२२ पालकांकडून माहिती घेतली. डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, चिडलेल्या मुलाला शांत करण्यासाठी वारंवार मोबाइल वा टॅब देणे आणि नंतर वाढलेले भावनिक उद्रेक यांचा संबंध दिसला. मुलग्यांत तो अधिक ठळक होता. मात्र संबंध म्हणजे सिद्ध झालेले कारण नव्हे. मूल हट्टी म्हणून मोबाइल आणि मोबाइलमुळे आणखी हट्ट, असे हे चक्र असू शकते.

नुकसान नेमके कशामुळे?
राग आल्यावर कुणी जवळ घेतले, समजावले, थोडे थांबायला लावले, की मूल स्वत:ला सावरायला शिकते. पडदा हा सरावच हिरावून घेतो. बोलण्याचेही तसेच. ऑस्ट्रेलियातील २२० कुटुंबांच्या अभ्यासात (२०२४) तीन वर्षांच्या मुलांच्या पडद्यासमोरील प्रत्येक जादा मिनिटामागे मोठ्यांचे सुमारे सात शब्द त्यांच्या कानी कमी पडल्याचे आढळले.

मर्यादा किती असावी?
‘इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स’ या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनुसार, दोन वर्षांखालील मुलांना पडदा नकोच; अपवाद नातेवाइकांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडीओ कॉलचा. दोन ते पाच वर्षांसाठी दिवसाला कमाल एक तास, तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली.

शहरात हे जमेल?
सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ मध्ये रोज सायंकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू झाला. उपनगरातील पालक सातला गाडीतच असतात. तिथे भोंग्याचा उपयोग नाही. पण नियम मोठ्यांनाही लागू, हा धडा घेता येतो. सुरुवात एका जेवणापासून करता येईल. पहिले काही दिवस रडारड होईल. तेव्हा आई-बाबा, आजी-आजोबा आणि पाळणाघर यांनी एकच नियम पाळणे महत्त्वाचे.