सार्वजनिक क्रीडागृहें आणि तेथील नोकर

सार्वजनिक क्रीडागृह कोणाचें, हा प्रश्न प्रथमदर्शनीं निरर्थक वाटेल. नगरपालिकेनें जागा दिली, करदात्यांच्या पैशानें तरणतलाव व व्यायामशाळा उभी राहिली, तेव्हां तें सर्वांचें, हें उत्तर शाळकरी पोरही देईल. परंतु सभासदत्वाचे नियम करण्याची वेळ आली म्हणजे या सोप्या उत्तराला फांटे फुटूं लागतात. दोन जुन्या सभासदांची शिफारस पाहिजे, अनामत रक्कम पाहिजे, कार्यकारी मंडळाची पसंति पाहिजे, अशीं एकामागून एक कुंपणें उभीं राहतात. आणि दारावर ‘सार्वजनिक’ अशी पाटी व आंत ठराविक घराण्यांची बैठक, असा देखावा दिसूं लागतो.

१९५० सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या १५ व्या कलमानें धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणाही नागरिकास सार्वजनिक करमणुकीच्या स्थळीं, किंवा सरकारी पैशानें राखलेल्या तलावांवर व स्नानघाटांवर मज्जाव करतां येत नाहीं. हा हक्क निर्विवाद आहे. पण हें कलम फीच्या आकड्याविषयीं मूक आहे. ज्याला जातीवरून अडवितां येत नाहीं, त्याला वर्षाची फी एकरकमी मागून सहज अडवितां येतें. आणि त्यावर दाद कोठें मागावी, हें चांगल्या वकिलासही चटकन् सांगतां येणार नाहीं.

या कुंपणाचा पहिला घाव बसतो तो त्या क्रीडागृहाच्या नोकरावर. बाळू पालवणकर यांचें उदाहरण आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. चर्मकार समाजांत जन्मलेला हा तरुण गेल्यापूर्वीच्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या युरोपीय क्लबांत मैदान राखण्याच्या नोकरीस होता. साहेबलोकांस सरावासाठीं चेंडू टाकतां टाकतां त्याची डावखुरी गोलंदाजी अशी तयार झाली, कीं हिंदु संघास त्याला घेतल्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यानें शंभरावर गडी बाद केले. तरीही पुण्यास ज्यांच्या खांद्यास खांदा लावून तो खेळे, ते स्वधर्मीय सहकारीच चहाच्या वेळीं त्यास मंडपाबाहेर निराळ्या मातीच्या भांड्यांत चहा देत! साहेबाच्या क्लबांत तो नोकर होता, सभासद नव्हे. आणि स्वकीयांच्या संघांत तो खेळाडू होता, पंक्तीचा नव्हे.

आज मातीचें भांडें गेलें, हें खरें. पण तलावाचें पाणी उपसून फरशी घासणाऱ्या झाडूवाल्याचा मुलगा त्याच पाण्यांत कधीं पोहतो काय? कित्येक संस्थांत ‘कर्मचाऱ्यांस निम्मी सवलत’ असा नियम असतो, व तो वाचून चालक स्वतःची पाठ थोपटून घेतात. त्या नियमांतील ‘कर्मचारी’ या शब्दाचा अर्थ मात्र कोणी विचारीत नाहीं. व्यवस्थापक व हिशेबनीस हे कर्मचारी. पहारेकरी, झाडूवाला, पाण्यांत औषध टाकणारा हे कंत्राटदाराचे लोक, सबब ते सवलतीबाहेर! ज्याला सवलतीची गरज कमी, त्याला ती मिळते. जो वर्षभर त्या पाण्याशीं झुंजतो, तो तिऱ्हाईत ठरतो. शिवाय वर्षाची फी सहा हजार धरली, तरी निम्मे तीन हजार एकदम भरणें झाडूवाल्यास पेलणारें नाहीं. त्याला सवलत द्यावयाची, तर ती महिन्याच्या हप्त्यानें व बायकामुलांसह द्यावी. निव्वळ टक्केवारी ही अधिकाऱ्यांच्याच पथ्यावर पडते.

कोणी म्हणेल कीं, अशानें संस्था बुडेल. आम्हांस ही भीति पोकळ वाटते. तलावाचें पाणी दहा जण पोहोत कीं पन्नास, तें शुद्ध करण्याचा खर्च बहुतांशीं तोच पडतो. आणि भर दुपारीं अनेक ठिकाणीं तलाव व व्यायामशाळा ओस पडलेल्या असतात. खरा तोटा होतो तो पदाधिकाऱ्यांच्या आप्तेष्टांस फुकट मिळणाऱ्या पासांनीं. त्यांचा आकडा वार्षिक अहवालांत आम्हीं तरी क्वचितच पाहिला आहे.

यांत उपकाराचा सूर नको, हेंही सांगणें जरूर आहे. १९५३ च्या मुंबई कामगार कल्याण निधीच्या कायद्यानें जो निधि उभा राहिला, त्यांत कामगारांकडून वसूल झालेले दंड व त्यांचें न दिलेलें वेतनही जमा होतें. त्या निधीच्या केंद्रांत कामगार पाहुणा नसून धनको आहे. नगरपालिकेच्या क्रीडागृहांतही झाडूवाल्याचा कर आहेच, आणि वर त्याचे श्रम आहेत.

तेव्हां नियमावलींत ‘कर्मचारी’ या शब्दाची व्याख्या करून कंत्राटी कामगाराचें नांव तींत स्पष्ट घालावें. शिफारशीची अट काढून टाकावी. अर्ज नाकारल्यास कारण लेखी द्यावें. आणि फीचा तक्ता मराठींत, दाराबाहेर, रस्त्यावरून जाणाऱ्यास वाचतां येईल असा लावावा. कंत्राटदाराच्या लोकांचा हक्क मात्र निविदा काढतांनाच अट म्हणून लिहिला पाहिजे. करारावर सह्या झाल्यावर तो कंत्राटदार कलमावर बोट ठेवून मोकळा होईल, आणि त्यास दोष देण्यासही मग जागा उरणार नाहीं.