स्ट्रोकनंतर स्टेंट बसवला. दुसरी गोळी कधी बंद करायची?

“मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो म्हणता, मग रक्त पातळ करायच्या दोन-दोन गोळ्या का देता?” आयसीयूबाहेर नातेवाईक हे विचारतात. प्रश्न अगदी योग्य आहे.

स्ट्रोकमध्ये मानेतील किंवा मेंदूतील रक्तवाहिनी गुठळीने बंद होते. कॅथेटरने गुठळी काढली तरी वाहिनी मुळातच अरुंद असेल, तर ती पुन्हा बंद पडू शकते. मग तातडीने स्टेंट बसवावा लागतो. स्टेंटची जाळी शरीराला परकी असते. तिच्यावर प्लेटलेट्स चिकटतात आणि नवी गुठळी तयार होते. ती रोखायला ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल लागतात.

पण त्याच वेळी मार बसलेला मेंदू नाजूक झालेला असतो. पहिल्या साडेचार तासांत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं असेल, तर धोका आणखी वाढतो. एरवी त्या इंजेक्शननंतर चोवीस तास थांबून, सीटी स्कॅन पाहूनच ॲस्पिरिन सुरू करतात. स्टेंट मात्र तेवढा वेळ देत नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील एका चाचणीत गुठळी काढतानाच शिरेतून ॲस्पिरिन दिलेल्या रुग्णांत त्रासदायक मेंदू-रक्तस्राव १४ टक्के, तर न दिलेल्यांत ७ टक्के आढळला. म्हणून स्टेंट नसेल तर हे औषध त्या वेळी सरसकट देत नाहीत. स्टेंट असेल तर मेंदूचं नुकसान किती, बीपी किती, इंजेक्शन दिलं होतं का, हे पाहून रुग्णागणिक निर्णय घ्यावा लागतो.

हा निर्णय डॉक्टरांचा. पण माझ्या मते खरी गफलत होते ती घरी गेल्यावर. सिल्लोड, वैजापूर किंवा जालन्याला परतलेला रुग्ण हिरड्यातून रक्त आलं म्हणून दोन्ही गोळ्या परस्पर बंद करतो आणि स्टेंट बंद पडू शकतो. दुसरा तीच चिठ्ठी मेडिकलवर दाखवून दोन वर्षं दोन्ही गोळ्या घेत राहतो. २००४ च्या ‘मॅच’ चाचणीत स्ट्रोक होऊन गेलेल्यांना दीड वर्ष क्लोपिडोग्रेलसोबत ॲस्पिरिनही दिलं, तेव्हा जिवावर बेतणारा रक्तस्राव १.३ वरून २.६ टक्क्यांवर गेला. स्ट्रोक टाळण्यात ठळक फायदा काही दिसला नाही.

म्हणूनच माझा आग्रह आहे: डिस्चार्ज कार्डावर मराठीत तारीख हवी. कोणती गोळी कधी थांबवायची, कोणती कायम घ्यायची. बहुतेकदा दोन गोळ्या काही आठवडे ते तीन महिने असतात, नंतर एक. तुमची तारीख तुमच्या डॉक्टरांकडूनच लिहून घ्या.

दात काढायचा असला तरी विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका. अंगदुखीवर डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन परस्पर घेऊ नका. ॲसिडिटीसाठी ओमेप्राझोल टाळा, त्याने क्लोपिडोग्रेलचा असर कमी होतो. अचानक तीव्र डोकेदुखी, उलटी, गुंगी, काळी शौच किंवा पुन्हा हात-पाय लुळे पडणं, यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठा आणि ते कार्ड सोबत न्या.