नक्कल आणि बनावट

सरकारी कचेरीत ज्याने आयुष्याची काही वर्षे काढली आहेत, त्याला नक्कल आणि बनावट यांतील भेद समजावून सांगावा लागत नाही. मूळ दस्तऐवजावरून प्रत उतरवली, तिच्यावर 'खरी नक्कल' असा शेरा मारला, खाली सही, शिक्का आणि तारीख पडली, की ती प्रत सन्मानाने फाइलीत जाऊन बसते. तीच प्रत शेऱ्यावाचून, मूळ म्हणून पुढे आली, तर तिच्या पाठोपाठ चौकशी येते. कागद तोच, अक्षर तेच, मजकूरही तोच. अंतर पडते ते एका ओळीचे. ही एक ओळ कागदाप्रमाणे कातड्यावरही असली पाहिजे, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे. परंतु एवढे साधे म्हणणेही ज्यांना रुचत नाही, अशांचे दोन तट पडलेले असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे.

विषय आहे वैमानिकांच्या जुन्या चामडी जाकिटांवर शोभणाऱ्या बिल्ल्यांचा. अमेरिकेच्या लष्करी हवाई दलाने १९३१ साली 'ए-२' या नावाचे जाकीट आपल्या वैमानिकांसाठी मुक्रर केले. ते बहुधा घोड्याच्या, काही वेळा बकऱ्याच्या कातड्याचे असे. १९४३ मध्ये त्याची नवी मागणी थांबली व कापडी जाकिटे आली. पण तोवर या जाकिटाला गणवेशापलीकडची प्रतिष्ठा लाभली होती. त्याच्या डाव्या छातीवर वैमानिक आपल्या तुकडीचा बिल्ला शिवून घेत. कुणाचा वाघ, कुणाचा गरुड, कुणाचे दात विचकणारे कार्टे! वॉल्ट डिस्ने यांच्या चित्रशाळेने त्या युद्धात अशी सुमारे १,२०० चिन्हे एक पैसाही न घेता काढून दिली. शेनॉल्ट यांच्या 'फ्लाइंग टायगर्स'चा पंख फुटलेला वाघ हे त्यांतलेच एक. एका तुकडीतून दुसरीत बदली झाली की जुना बिल्ला उसवावयाचा आणि नवा शिवावयाचा, असा परिपाठ असे. बदलीचे दुःख ज्यांना ठाऊक आहे त्या आमच्या वाचकांस त्या उसवण्यातील भावना निराळी सांगावयास नको.

आज त्या बिल्ल्यांपैकी जे उरले, ते संग्रहालयांत किंवा संग्राहकांच्या कपाटांत आहेत, आणि त्यांची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची आहे. म्हणून त्यांच्या प्रतिकृती हाताने घडविणारे कारागीर अमेरिकेत, जपानात व अन्यत्रही निर्माण झाले. हे काम पोरखेळ नव्हे. जुन्या छायाचित्रावरून आकृती उतरवावयाची, प्रत्येक रंगाचे कातडे स्वतंत्र कापावयाचे, एकावर एक बसणाऱ्या तुकड्यांच्या कडा रापीने कागदासारख्या पातळ तासावयाच्या, म्हणजे सांध्यावर उंचवटा येत नाही. कातड्यावरची चकाकी आधी पुसून काढावी लागते, नाही तर रंग धरत नाही. रंग जाड बसला तर पहिल्याच घडीला तडकतो, आणि पातळ बसला तर वाघाचा डोळा निर्जीव होतो. मग सुती दोऱ्याचे टाके घालावयाचे. आणि एक टाका चुकला की त्याचे छिद्र कातड्यावर कायमचे राहते, कारण कातडे कापडासारखे चूक पोटात घालीत नाही. ज्याच्या हातून हे नीट उतरते, त्याला आम्ही कलावंत म्हणू.

आता पहिला तट पाहा. हे शुद्धतावादी. त्यांच्या मते प्रतिकृती ही मुळातच असत्य आहे. ज्याने ते आकाश पाहिले नाही त्याने तो वाघ छातीवर लावू नये आणि कारागिराने तो शिवूनही देऊ नये. या म्हणण्यात एक तेज आहे, हे आम्ही नाकारीत नाही. मानाचे चिन्ह न कमावता मिरवणे ही ओशाळवाणी गोष्ट खरीच. परंतु कायदासुद्धा इतका कठोर नाही. आपल्या भारतीय न्याय संहितेचे १६८ वे कलम, पूर्वीच्या दंड संहितेचे १४० वे, सैनिकाचा पोशाख वा चिन्ह धारण करणाऱ्यास शिक्षा सांगते, पण केव्हा? आपण सैनिक आहोत असे लोकांस वाटावे, असा हेतू असेल तेव्हा. अपराध वस्त्रात नाही, हेतूत आहे. नाही तर रंगभूमीवरचा प्रत्येक शिवाजी दंडास पात्र ठरता!

शिवाय शुद्धतावाद्यांनी एका गोष्टीचा विचार करावा. आजोबांचे जाकीट घरात आहे, त्यावरचा बिल्ला केव्हाच हरवला आहे, आणि डाव्या छातीवर टाक्यांच्या छिद्रांचे तेवढे वर्तुळ राहिले आहे. अशी जाकिटे पुष्कळ आहेत. त्या रिकाम्या वर्तुळात नातवाने एक प्रतिकृती बसवून घेतली, तर त्यात असत्य कोणते? श्राद्धाला ब्राह्मण मिळाला नाही, तर त्याच्या जागी आपण दर्भाचा चट मांडतो. तो चट म्हणजे ब्राह्मण असे कोणी मानीत नाही, आणि म्हणून त्याला कोणी खोटाही म्हणत नाही.

दुसरा तट अधिक धोक्याचा, कारण तो भावनेने बोलत नाही, व्यवहाराने बोलतो. हे बिल्ले 'जुने' करून विकणारे. नवा बिल्ला घासकागदाने घासावयाचा, रंगाला तडे पाडावयाचे, चहाच्या पाण्याने डाग द्यावयाचे, दोरा मळवावयाचा. आणि मागे कसलीही खूण ठेवावयाची नाही. विचारले तर उत्तर तयार असते : "जुन्या जाकिटावर कोरा बिल्ला विजोड दिसतो, म्हणून गिऱ्हाईकच मागते. आम्ही कुणाला फसवीत नाही. नवा आहे हे सांगूनच विकतो."

हे उत्तर खरे असू शकेल. आम्ही ते खरेच धरून चालतो. तरीही ते अपुरे आहे. पहिल्या गिऱ्हाईकाला ठाऊक असते, दुसऱ्याला बहुधा सांगितले जाते, पण तिसऱ्याच्या हाती वस्तू जाते तेव्हा सांगणारे तोंड उरलेले नसते. कातडे माणसापेक्षा अधिक जगते. तोंडी दिलेली कबुली विकणाऱ्याबरोबर दुकानातच राहते आणि कागदी चिठ्ठी पहिल्याच झाडलोटीत जाते. फसवणूक विक्रीच्या क्षणी होत नाही, ती वीस वर्षांनी होते. आणि जो हे जाणून खूण टाळतो, त्याने त्या वीस वर्षांनंतरच्या चोरासाठी आजच दार उघडे ठेवले आहे.

आमच्या एका स्नेह्यांची हकीकत याची साक्ष देईल. लेखा खात्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ. दिल्लीस स्थायिक झालेले. काही वर्षांपूर्वी त्यांनी बऱ्याच पैशांस एक जाकीट घेतले. आसामातून हिमालय ओलांडून चीनला रसद नेणाऱ्या एका वैमानिकाचे ते आहे, असे त्यांना सांगण्यात आले होते. छातीवर झिजलेला, तडकलेला सुंदर बिल्ला होता. पुढे एका जाणकाराने अंधाऱ्या खोलीत तो नीलातीत प्रकाशाखाली धरला, तेव्हा त्याचे टाके चांदण्यासारखे चमकू लागले. आजच्या कृत्रिम दोऱ्यांत चकाकी आणणारी रसायने असतात. युद्धकाळच्या सुती दोऱ्यात ती नसत. रंगही ॲक्रिलिक निघाला, आणि पाण्यात मिसळणारा तो रंग बाजारात आला १९५० नंतरच्या दशकात. आमच्या स्नेह्यांस पैसे गेल्याचे फारसे वाटले नाही. ते म्हणाले, "या बिल्ल्याकडे बोट दाखवून मी नातवंडांना एका मेलेल्या माणसाची गोष्ट सांगत होतो हो. तो माणूस कुणी नव्हताच."

या वाक्याने आम्हांस हे लिहावयास लावले. कारण ज्यांचे सोंग त्या बिल्ल्याने घेतले, ती माणसे होती. १९४२ पासून १९४५ पर्यंत आसामातील चाबुआ, दिंजान यांसारख्या तळांवरून त्या मार्गाने सुमारे साडेसहा लाख टन माल चीनमध्ये गेला आणि शेकडो विमाने डोंगरांत नाहीशी झाली. चाबुआ आज आपल्या वायुदलाचा तळ आहे. आमचे जे वाचक त्या बाजूस नेमणुकीवर आहेत, त्यांना ते आकाश रोज दिसते. त्या वैमानिकांच्या पाठीवर किंवा अस्तरात चिनी भाषेतील एक मजकूर शिवलेला असे : हा परका माणूस आपल्या साह्यास आला आहे, त्याला वाचवा. प्राणांवर बेतेल तेव्हा अनोळखी शेतकऱ्याने विश्वास ठेवावा, म्हणून ते चिन्ह होते. विश्वास हेच ज्याचे प्रयोजन, त्याच वस्तूची बनावट करावी, याहून मोठी विटंबना कोणती?

तथापि त्या अंधाऱ्या खोलीत आणखी एकाची फसवणूक उघड झाली, तिच्याकडे आमच्या स्नेह्यांचेही लक्ष गेले नाही. तो बिल्ला उत्तम घडविलेला होता. कडा तासलेल्या, सांधे निर्वेध, वाघाच्या डोळ्यांत जीव. ज्या हाताने तो केला त्याचे नाव मात्र कुठेच नाही. खूण टाळल्यामुळे घेणारा फसला, तसा करणाराही पुसला गेला. त्याचे कसब दुसऱ्याच्या मृत्यूच्या नावावर विकले गेले.

आणि कारागीर असा पुसला जाण्याची ही पहिली वेळ नाही. चीन-ब्रह्मदेश-भारत या रणक्षेत्रातील अमेरिकन सैनिकांचा बिल्ला म्हणजे एक ढाल : वरच्या निळ्या पट्ट्यात चीनचा सूर्य आणि भारताचा तारा, खाली तांबडे-पांढरे पट्टे. तो हजारोंना हवा होता, आणि भारतातील कारागिरांनी तो पुरविला. कुणी जरीत भरला, कुणी कातड्याचे तुकडे जोडून केला. प्रत्येकाचा तारा निराळा, प्रत्येकाचा सूर्य थोडा वाकडा. आणि आज संग्राहक त्या वाकडेपणासाठीच अधिक किंमत मोजतात. त्यांना ते 'थिएटर-मेड' म्हणतात, म्हणजे रणक्षेत्रात बनलेले. जणू रणक्षेत्रालाच हात होते आणि हातात आरी होती! ज्या चर्मकाराने तो तारा कापला, त्याचे नाव कोणत्या सूचीत आहे? वाघाचे चित्र काढणाऱ्या चित्रशाळेची नोंद इतिहासाने ठेवली. भारतीय हातांची ठेवली नाही. आपल्याकडे कातड्याला हात लावणाऱ्याला गावाबाहेर ठेवले गेले. तेव्हा या विस्मरणाचे खापर केवळ परदेशी संग्राहकांच्या डोक्यावर फोडून आपणांस मोकळे होता येणार नाही.

म्हणून आमचे मागणे दोन्ही बाजूंनी न्याय करणारे आहे. प्रतिकृती अवश्य व्हाव्यात, हाताने व्हाव्यात, हुबेहूब व्हाव्यात. गिऱ्हाईकाला हवा असेल तर त्यांवर जुनेपणाही चढवावा. मात्र प्रत्येक बिल्ल्याच्या पाठीवर, शिवण्यापूर्वी, करणाराचे नाव आणि साल कातड्यात खोल ठसवलेले असावे. शाईने नव्हे, चिठ्ठीवर नव्हे, कातड्यात. कोणी म्हणेल, बिल्ला जाकिटावर शिवल्यावर ती खूण झाकली जाईल. झाकली जाऊ दे. मोठी किंमत देणारा माणूस दोन टाके उसवून पाठ पाहिल्याशिवाय राहत नाही. आणि कोणी म्हणेल, लबाड माणूस ती खूण तासून टाकील. टाकील, पण मग तासलेल्या जागेचा व्रणच त्याच्याविरुद्ध साक्ष देईल. दाराला कडी असली म्हणून चोऱ्या थांबत नाहीत. तरी कडी नसलेल्या घराची कीव कोणी करीत नाही.

संग्रहालयांनाही आमचे सांगणे आहे. ज्या बिल्ल्याचा भारतात घडल्याचा पुरावा आहे, त्याच्याखाली तुकडीचे नाव लिहितांना 'भारतीय कारागीर, नाव अज्ञात' एवढे शब्द जोडावेत. अज्ञात असणे आणि नसणे या भिन्न गोष्टी आहेत.

आणि आमच्या वाचकांस? त्यांच्यापैकी थोडेच असे जाकीट घेतील. पण नातवासाठी, मित्रासाठी, किंवा भिंतीवरच्या चौकटीसाठी असा एखादा बिल्ला कधी हाती आलाच, तर त्यांनी आपली कचेरीतली जुनी सवय तिथेही सोडू नये. पुढची बाजू पाहून प्रसन्न व्हावे आणि मग तो उलटा करावा. पाठीवर नाव आणि साल असेल तर ती खरी नक्कल. मान्य करावी, योग्य मोल द्यावे, आणि करणाराचे नाव लक्षात ठेवावे. पाठ कोरी असेल आणि पुढे मात्र ऐंशी वर्षांची धूळ असेल, तर वाघ कितीही देखणा असो, प्रकरण शेऱ्यासह परत पाठवावे.