तुळससुद्धा रुंद पानांचीच!

दारापुढच्या टीचभर लॉनमध्ये मागच्या पावसाळ्यात घोळ, तांदुळजा, आघाडा माजला. दुकानदार म्हणाला, "ताई, टू-फोर-डी मारा. तण जळेल, हरळी राहील." राहिली खरी! हे औषध रुंद पानांची रोपं मारतं, गवताला सहसा धक्का लावत नाही. पण मैत्रिणींनो, तुळस, गुलाब, टोमॅटो हीसुद्धा रुंद पानांचीच की! आठवड्यानं त्याच पंपानं टोमॅटोवर निंबोळी अर्क मारला, तर पानं पिळवटून दोरीसारखी झाली. पंप धुतला होता हो, पण नुसत्या पाण्यानं. वाऱ्यावर उडालेले तुषारही हेच करतात, द्राक्षं-कापूसवाल्यांना विचारा. शिवाय २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं हे रसायन 'कर्करोगकारक असू शकेल' अशा गटात टाकलं.

शेतात मजूर मिळत नाहीत, तिथली अडचण मला कळते. पण पोरं लोळतात त्या दहा बाय बाराच्या हिरवळीवर फवारणी कशाला? पाऊस उघडल्यावर माती मऊ असते, खुरप्यानं तण मुळासकट निघतं. फुलायच्या आत काढलं की बी पडत नाही. यंदा मी काहीच फवारलं नाही. लॉनमधली घोळ निवडून परवा मुगाची डाळ घालून भाजी केली. (फवारलेल्या जागेतली मात्र चुकूनही खाऊ नका.)