बदला की जात? खैरलांजी समजून घ्यायला कोणता कागद वाचायचा?

डिजिटल डेस्क, देवरूख

अमेरिकेतले टल्सा, १९२१. भंडारा जिल्ह्यातले खैरलांजी, २००६. मध्ये ८५ वर्षे आणि दोन खंड. वंश आणि जात एकच नव्हेत, दोन्ही घटनांचा आकारही वेगळा. तरी एक प्रश्न दोन्हीकडे सारखा आहे. वर येऊ पाहणाऱ्या माणसांवर जमाव तुटून पडतो, तेव्हा त्या घटनेला नाव कोण देते?

ही तुलना आजची नाही. ज्यांचे मूळ गाव आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते. ड्यू बॉइस यांनी त्याला उत्तरही पाठवले.

टल्सात काय झाले?

टल्सातली ग्रीनवूड ही कृष्णवर्णीयांची वस्ती इतकी संपन्न होती की तिला 'ब्लॅक वॉल स्ट्रीट' म्हणत. स्वतःची दुकाने, हॉटेले, थिएटर, डॉक्टर, वकील. एका तरुणाने लिफ्टमध्ये गोऱ्या मुलीवर हल्ला केल्याची बातमी स्थानिक दैनिकात आली. ३१ मे आणि १ जून १९२१ या दोन दिवसांत गोऱ्या जमावाने ही वस्ती जाळली. मृतांचा अधिकृत आकडा ३६ होता. २००१ च्या सरकारी आयोगाने तो १०० ते ३०० असू शकतो असे म्हटले. त्या तरुणावरचा आरोप पुढे मागे घेण्यात आला.

या प्रकाराची नोंद 'दंगल' अशी झाली आणि विमा कंपन्यांनी दंगलीच्या कलमावर बोट ठेवून भरपाई नाकारली. ती वादग्रस्त बातमी दैनिकाच्या जपून ठेवलेल्या अंकातून कापलेली आढळली. उरले ते रेडक्रॉसचा अहवाल, छायाचित्रे आणि मेरी पॅरिश या कृष्णवर्णीय लेखिकेने जमवलेल्या साक्षी. आज जग या घटनेला 'हत्याकांड' म्हणते, ते या कागदांमुळे.

खैरलांजीत काय झाले?

भोतमांगे कुटुंब श्रीमंत नव्हते. पण त्यांची स्वतःची शेती होती आणि मुले शिकत होती. त्यांच्या शेतातून रस्ता काढण्यावरून गावाशी वाद होता. ३ सप्टेंबर २००६ रोजी त्यांचे नातलग सिद्धार्थ गजभिये यांना मारहाण झाली. सुरेखा भोतमांगे यांनी पोलिसांपुढे हल्लेखोरांची नावे सांगितली. २९ सप्टेंबरला संशयितांना जामीन मिळाला आणि त्याच संध्याकाळी सुरेखा, मुलगी प्रियंका, मुले रोशन आणि सुधीर यांची हत्या झाली. भैयालाल तेवढे वाचले. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले.

सुरुवातीच्या काही बातम्यांत कारण दिले होते 'अनैतिक संबंध'. ही बातमी राज्यभर पोहोचायला जवळपास महिना लागला. नोव्हेंबरमध्ये लोक रस्त्यावर उतरले आणि तपास सीबीआयकडे गेला.

न्यायालय काय म्हणाले?

सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या विशेष न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले. सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप. पण अॅट्रॉसिटी कायद्याखाली कुणीही दोषी ठरला नाही. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी २५ वर्षांची कैद दिली. त्यामागचे मत असे की ही हत्या साक्षीच्या सूडातून झाली, जातीमुळे नव्हे.

इथे कायद्याचे शब्द बघायला हवेत. तेव्हाच्या तरतुदीनुसार, पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे 'या कारणावरून' गुन्हा झाला, हे सिद्ध करावे लागे. संसदेने २०१५ मध्ये दुरुस्ती केली. आता पीडिताची जात आरोपीला 'माहीत असणे' पुरेसे आहे. आरोपी त्या कुटुंबाला ओळखत असेल, तर त्याला जात माहीत होती असे न्यायालय गृहीत धरते, उलट सिद्ध होईपर्यंत. गावात कुणाची जात कुणाला माहीत नसते?

मग खरे काय मानायचे?

आमचे मत असे: 'बदला की जात' हा प्रश्नच चुकीचा मांडला गेला. साक्ष देणाऱ्याचा राग अनेकांना येतो. पण एका साक्षीसाठी अख्खे घर संपवता येईल, हा विश्वास जमावाला कुठून आला, याचे उत्तर एकट्या निकालपत्रात मिळणार नाही. निकाल गुन्हेगार ठरवतो. गावातला रस्त्याचा वाद आणि पोलिसांची दिरंगाई समजायला इतर कागद लागतात. पुण्याच्या 'यशदा'ने केलेला अहवाल आणि आनंद तेलतुंबडे यांचे पुस्तक त्यासाठी निकालपत्राशेजारी ठेवून वाचावे.

देवरूखच्या तहसील कचेरीत जमिनीच्या कामासाठी गेलेल्यांना हे नवे नाही. सातबारावर आजचे नाव दिसते. ते तिथे कसे आले, हे फेरफारातच कळते.

आज पहिली बातमी घटनेनंतर काही मिनिटांत मोबाइलवर येते, आणि तिच्यातले कारण बहुधा पोलिसांनी किंवा गावातल्या बलवान गटाने सांगितलेले असते. म्हणून तीन गोष्टी तपासा. कारण कुणी सांगितले? पीडितांकडचे कुणी बोलले आहे का? आधीची एखादी तक्रार नोंद आहे का? खैरलांजीत अशी नोंद हत्येच्या आधीची होती. ती वेळेत वाचणे हे पोलिसांचे काम होते, आणि ती शोधून छापणे हे आम्हा पत्रकारांचे.